हरण्या, अठ्ठ्याण्णव टक्के

एका रविवारी, सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत, माझ्या यंत्राने आमच्या गावातल्या तेवीस केळीबागांना, एका तुळशीला, एका प्लास्टिकच्या तोरणाला आणि माझ्या आईला हरण्या रोग झाल्याचं निदान केलं.

यंत्र म्हणजे खरं तर मोबाइलमधलं एक ॲप. पण आबा, म्हणजे माझे वडील, त्याला पहिल्या दिवसापासून 'मशीन' म्हणत आले आणि मीही पुढे वाद घातला नाही. आमचं गाव यावलच्या पुढे, चोपडा रस्त्याला. तिथे केळीशिवाय दुसरा विषय नसतो. आणि ज्यांच्या केळी तीन महिन्यांच्या, गुडघ्याएवढ्या आहेत, त्यांच्यासमोर हरण्या हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नसतो. पानावर पिवळ्या रेघा उमटतात, रोप खुंटतं आणि औषध काही नाही. मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन पुरायचं आणि घरी येऊन गप्प जेवायला बसायचं. उशीर केला तर आपली बाग जाते, वर शेजाऱ्याचीही जाते. असा हा शब्द मी त्या दिवशी लाऊडस्पीकरवरून गावाला ऐकवला. (लाऊडस्पीकर का, ते सांगतेच.)

मी धुळ्याला एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत दर दिवाळीला आबांनी मला एकच प्रश्न विचारला आहे.

"कल्पू, तू नेमकं काय शिकाडस व?"

मी दर दिवाळीला सांगायचे. आबा अगदी मन लावून ऐकायचे, "चांगलं शे" म्हणायचे आणि ठिबकच्या नळीत अडकलेला कचरा काढायला निघून जायचे. गावात मात्र ते सांगायचे, "पोर धुयाले टायपिंग शिकाडस." मला त्याचं वाईट वाटायचं. आबांना माझ्या कामातलं काहीच कळत नाही, आणि कळावं असं आपल्याकडे काही नाही, हे मी मनाशी धरून चालले होते.

मग त्रेचाळिसाव्या वर्षी मला पीएच.डी.ची हौस आली. विषय ठरला: पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं डीप लर्निंग. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "मॅडम, टोमॅटोच्या, सफरचंदाच्या पानांचे तयार फोटो मिळतात. ते घ्या, वर्षभरात मोकळ्या व्हा." मी मान ताठ करून म्हणाले, "सर, माझ्या माहेरी केळी आहेत." पुढचं सगळं या एका वाक्यामुळे झालं.

माहेरी गेले आणि आबांना समजावलं. "आबा, मशीनला हजारो पानांचे फोटो दाखवायचे. हे रोगट, हे चांगलं, एवढंच सांगायचं. दोघांतला फरक ते आपला आपण शोधतं."

आबा हातातली नळी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"म्हंजे मी तुले न्हानपने बागमा दखाडू, हाई रोगट, हाई चांगलं, तसंच ना?"

"हो. अगदी तसंच."

"मंग इतला वरीस सांगं काबर नही?"

त्या क्षणी आबा माझ्या संशोधनात आले, ते पूर्ण वेळ! दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर तयार.

"आबा, फोटो पानांचे काढायचेत, तुमचे नाही."

"तरी बी," आबा म्हणाले.

फोटो काढायची आबांची एक पद्धत होती आणि ती मोडायची गावात कुणाची छाती नव्हती. आबा केळीचं जितं पान उगाच तोडत नाहीत. पंगतीला तोडतील, पूजेला तोडतील, तेही आधी खोडाला हात लावून. पण फोटोसाठी? "त्याना काय गुन्हा?" असा त्यांचा सवाल. म्हणून चांगल्या पानाचा फोटो झाडावरच काढायचा, पान जिथे आहे तिथे. रोगट पान तसंही काढायचंच असतं. ते आबा विळ्याने कापायचे, डाव्या तळहातावर आडवं घ्यायचे, उजव्या अंगठ्याने त्याची घडी उलगडायचे आणि मोबाइलसमोर धरून म्हणायचे, "हं, आते काढ." मग साबणाने हात धुवायचे आणि पुढच्या बांधाकडे निघायचे. रोगट पान दुसऱ्या कुणाच्या हातात ते देत नसत, कारण लोक हात न धुता आपल्या बागेत शिरतात!

श्रावणभर आम्ही असे हिंडलो. आपल्या बागा, शेजारच्या बागा, पार तापीकाठापर्यंत. बहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी आबा बांधावरून पुढे आणि मी मोबाइल घेऊन मागे. सव्वातीन हजार फोटो झाले. धुळ्याला येऊन ते सगळे मी एकेक करून पाहिले आणि प्रत्येकावर 'हरण्या' किंवा 'निरोगी' अशी खूण केली. निदान, पाहिले असं मला वाटत होतं.

यंत्र दोन दिवस कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकत बसलं आणि तिसऱ्या दिवशी निकाल आला. आमच्याच फोटोंतले शंभर बाजूला ठेवले होते, त्यांतले अठ्ठ्याण्णव बरोबर! सरांनी मला चहा पाजला (आमच्या विभागात ही घटना लोक अजून सांगतात). मी धावत बाहेर येऊन आबांना फोन केला.

"आबा, अठ्ठ्याण्णव टक्के!"

"अठ्ठ्याण्णव? बारावीले तुले कितला व्हतात?"

"एकाहत्तर."

"मंग मशीन तुनापेक्षा हुशार शे," आबा म्हणाले. आवाज असा, की जणू मशीन त्यांच्याच घरात जन्मलं होतं.

आता गावाला दाखवायचं, हे त्यांनीच ठरवलं. मी म्हटलं, चार-पाच जण बोलवा. आबांनी रविवारी आमच्या ओट्यासमोर सतरंज्या टाकल्या. गणपती नुकतेच बुडाले होते, मांडव अजून उभा होता, प्लास्टिकच्या पानांची तोरणं वाऱ्यावर हलत होती. आबांनी मंडळाचा लाऊडस्पीकर उसना आणला. आणि माझ्या ॲपला मी, लोकांना वाचायला नको म्हणून, आवाज दिला होता. माझा स्वतःचा! माइक मोबाइलच्या तोंडाशी ठेवला, की माझं निदान बसथांब्यापर्यंत ऐकू जाणार होतं.

सूत्रसंचालन दगडू नानांकडे. नाना म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेजारी, आबांचे पहिलीपासूनचे दोस्त. घडाचं वजन हा विषय निघाला की मात्र दोघे दोन-दोन दिवस बोलत नाहीत. नानांनी माइक फुंकला, "हॅलो, हॅलो" केलं आणि जाहीर केलं, "आपला आबानी पोरनी मशीन बनाडेल शे. फोटो काढा का रोग सांगस. पहिलं पान मनं!"

नानांनी आपल्या सर्वांत लाडक्या तुकड्यातलं पान आणलं होतं. ते त्यांनी छातीसमोर धरलं. मी फोटो काढला. लाऊडस्पीकरमधून माझा आवाज आला, अगदी स्वच्छ, वर्गात येतो तसा.

"हरण्या. खात्री सत्त्याण्णव टक्के."

"कोनले?" नाना म्हणाले.

"पानाला, नाना."

"मना बागले हरण्या? सकायले त मी चक्कर मारी उनू!"

"नाना, डोळ्यांना दिसायच्या आधीच मशीनला कळतं," मी म्हणाले. (हे मला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. पण शिक्षकाने एकदा वाक्य उच्चारलं की त्याला मागे फिरता येत नाही.)

दुसरं पान आलं. हरण्या. तिसरं. हरण्या. प्रत्येक जण आपलं पान हातात धरून यायचा, मी फोटो काढायचे आणि माझाच आवाज शांतपणे त्याच्या वर्षभराच्या कष्टावर पाणी सोडायचा. आठव्या पानानंतर टाळ्या बंद झाल्या. बाराव्यानंतर लोक एकमेकांपासून जरा सरकून बसले. पंधराव्या माणसाने पान आणलं होतं, पण ते पाठीमागे लपवून तो म्हणाला, "ताई, माले माहीतच नको."

"घाबरू नका. कळलेलं बरं असतं," मी म्हणाले आणि त्याचाही फोटो काढला. हरण्या!

मध्येच नानांची बायको पुढे आली. हातात तुळशीची डहाळी.

"कल्पनाबाई, मनी तुयस सुकी राह्यनी. देख ना जरासं."

"नानी, हे फक्त केळीसाठी आहे..." मी म्हणेपर्यंत माझं बोट लागलं होतं.

"हरण्या. खात्री शहाण्णव टक्के."

"व माय! तुयसले बी?" नानी मटकन सतरंजीवर बसल्या.

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने मोबाइल खिशात घालून पाणी प्यायलं असतं. मी घड्याळाकडे बघून "पुढचं पान!" म्हणाले. गावासमोर पहिल्यांदाच मी काय करते ते दिसत होतं, आणि ते असं चुकीचं असेल हे मला मान्यच होत नव्हतं.

आबा इतका वेळ कडुलिंबाखाली पाण्याचा जग घेऊन उभे होते. त्यांनी जग खाली ठेवला. "मी आपलं आनस," असं हळूच म्हणून ते बागेकडे गेले.

आपलं म्हणजे विहिरीकडच्या तुकड्यातलं. तो तुकडा आबांचा जीव. यंदाची नवी लागवड. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही असं बजावल्यावर आबांनी स्वयंपाकघरातला पाट शेतात नेला होता आणि त्यावर बसून, सरकत सरकत, एकेक रोप स्वतःच्या हाताने लावलं होतं. (आई महिनाभर पाट शोधत होती.) रोज सकाळी चहाच्या आधी ते त्या रोपांना बघून यायचे.

अर्ध्या तासाने आबा परतले ते दोन्ही हातांवर एक कोवळं पान घेऊन. हिरवंगार, एक रेघ नाही. देठातून चीक ठिबकत होता आणि इस्त्रीच्या शर्टावर पडत होता. केळीच्या चिकाचा डाग कधी जात नाही, हे माझ्या लक्षात आलं. आबांनी जितं पान तोडलं, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

"काढ," ते म्हणाले.

मी काढला.

"हरण्या," माझा आवाज बसथांब्यापर्यंत म्हणाला. "खात्री अठ्ठ्याण्णव टक्के."

आबांनी पान उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडे.

"बरं," ते म्हणाले. "मशीन सांगस त मंग उपटाले पाहिजे."

त्यांनी पान नीट घडी करून ओट्यावर ठेवलं, पडवीतून कुदळ घेतली आणि निघाले. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगते, मला भयंकर वाईट वाटत होतं; पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी एक लहानसा, लाजिरवाणा अभिमानही होता, की बघा, एकही रेघ नसताना माझ्या यंत्राने ओळखलं! आज ते आठवलं तरी मला स्वतःचे कान धरावेसे वाटतात.

आणखी सहा-सात पानं झाली आणि बागांचा आकडा तेवीसवर गेला. लोक उठून चालले होते. नाना मात्र गेले नाहीत. ते मांडवात गेले, उडी मारून तोरणाचं एक प्लास्टिकचं पान ओढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"देख. याले बी देख."

"नाना, हे प्लास्टिकचं आहे."

"मशीनले सांगू नको. देख नुसतं!"

मी फोटो काढला. आता इथेही मी काय म्हणावं? मी म्हणाले, "हलवू नका, नीट धरा."

"हरण्या. खात्री नव्व्याण्णव टक्के."

आख्खा मांडव हसला. नानांनी माइक उचलला. "मंडळी, गणपतीना मांडवबी उपटना पडी!"

तेवढ्यात आतून आई आली. भाकरी थापता थापता आली होती, हात पिठाने भरलेले. आई कधी चारचौघांत आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"बंद कर ते आते! तुना बाप उन्हमा कुदय लिसन गया, तुले काही वाटस का नही?" असं म्हणत तिने आपला पिठाचा पंजा सरळ मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला. माझं बोट दाबलं गेलं.

"हरण्या," मी लाऊडस्पीकरवरून माझ्या जन्मदात्रीला सांगितलं. "खात्री नव्व्याण्णव टक्के."

"माले?" आई म्हणाली.

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. नाना खांबाला धरून हसत होते. मी एकटी हसत नव्हते, कारण मी मोबाइलच्या पडद्याकडे बघत होते. फोटोत पान नव्हतं. केळीचं नाही, तुळशीचं नाही, प्लास्टिकचंही नाही. फोटोत होता फक्त आईचा हात.

मी आबांनी घडी करून ठेवलेलं पान उलगडून ओट्याच्या फरशीवर पसरलं आणि फोटो काढला. "निरोगी." तेच पान नानांच्या हातात दिलं. "हरण्या." पान काढून घेतलं, नुसता नानांचा हात. "हरण्या." नानांची चप्पल? "निरोगी." पाण्याची बादली? "निरोगी." माझा स्वतःचा हात? "हरण्या. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के."

मी श्रावणातले फोटो उघडले. रोगट पान: आबांचा हात. रोगट पान: आबांचा हात. चिकाने काळी पडलेली बोटं, अंगठ्यावरची विळ्याची जुनी खूण. शेकडो फोटोंत हात, हात, हात. चांगलं पान झाडावर, तिथे हात नाही. यंत्राला मी म्हटलं होतं, फरक तूच शोध. त्याने शोधला होता! पिवळ्या रेघा शोधत बसण्यापेक्षा हात शोधणं किती सोपं. माझ्या यंत्राला रोगाचं काडीइतकं ज्ञान नव्हतं. सव्वातीन हजार फोटो बघून ते फक्त माणसाचा हात ओळखायला शिकलं होतं, आणि तेच फोटो बघून मी तेवढंही शिकले नव्हते.

"नाना," मी ओरडले, "आबा! बाग! हरण्या नही शे!" (मी घाबरले की माझी कॉलेजातली मराठी सगळ्यात आधी पळून जाते.)

नानांनी फटफटी काढली. मी मागे बसले, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ते पान. रस्ता चिखलाचा.

"नाना, किती उपटली असतील हो?"

"तुना बाप कामले वाघ शे. तासभर व्हयना. पन्नासेक त गया व्हतीन."

मी डोळे मिटून घेतले. पन्नास रोपं, पाटावर बसून, सरकत सरकत. अठरा वर्षं आबांना माझं काम कळलं नाही तेच किती बरं होतं, असं मला वाटलं. कळलं तेव्हा मी त्यांच्याच हाताने त्यांची बाग उपटायला लावली होती.

विहिरीकडचा तुकडा आला. रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या ओळीत खड्डे दिसले. मी गाडी थांबायच्या आधीच उडी मारली, चिखलात गुडघ्यावर पडले आणि तिथूनच ओरडले.

"आबा, थांबा! हरण्या नही शे! तुमना हात शे तो!"

आबा बांधावर, बाभळीच्या सावलीत बसले होते. कुदळ बाजूला पडली होती. त्यांनी आपला हात वर करून पाहिला, मागून, पुढून.

"मना हात? हाताले काय व्हयनं?"

मी धापा टाकत सगळं सांगितलं. फोटो दाखवले. आबा एकेक फोटो बघत गेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं.

"म्हंजे त्याले मना हात वयखता येस?"

"ओळखता येतो, पण आबा, ती चूक आहे! खूप मोठी चूक!"

"आसू दे. वयखं ना पन त्यानी."

मग मला दिसलं. बाभळीच्या सावलीत, ओल्या पोत्याखाली, उपटलेली रोपं ओळीने ठेवली होती. पुरलेली नव्हती, फेकलेली नव्हती. प्रत्येकाच्या मुळाशी मातीचा गोळा जसाच्या तसा. मी मोजली. सात. आणि सातही रस्त्याकडच्या ओळीतली. आतल्या एकाही रोपाला कुदळ लागली नव्हती.

"आबा," मी म्हणाले, "तुमले माहीत व्हतं?"

"चाळीस वरीस केयी लाई राह्यनू, पोरी. माले हरण्या वयखता येत नही का?"

"मग उपटली कशाला?"

आबा पोतं सारखं करायला लागले. नको इतकं सारखं केलं.

"गावना बठ्ठा लोक बठेल व्हतात," ते शेवटी म्हणाले. "तू सांगं, हरण्या शे. मनी पोरनी मशीन, आनि मीच नही ऐकसू त मंग कोन ऐकी? रस्तावरथून दिखतीन, तितल्याच काढ्या. संध्याकायले परत लाई देसू."

मी तिथेच चिखलात बसून रडले. लपवलं वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन रडले. आबा माझ्या डोक्यावर हात ठेवून "आवं, सातच त शेत, सातच त शेत" म्हणत राहिले. नाना आपल्या फटफटीचा आरसा उगाचच पुसत होते.

मग नाना खाकरले. "पोरी, रडू नको. तुना बापनी सात त काढ्या. मी त कुदयबी नही उचली. आनि गावमा बी कोनी उचलाव नही. बठ्ठासले माहीत शे ना, आपापलं पान कसं शे ते."

"सगळ्यांना माहीत होतं, मग कुणी बोललं का नाही?"

"आबानी पोर शे. कसं बोलानं?"

म्हणजे सकाळपासून मी ज्यांना घाबरवत होते असं मला वाटत होतं, ते तेवीसच्या तेवीस जण मला सांभाळून घेत होते. (पंधरावा माणूस तेवढा खरंच घाबरला होता. त्याच्या घरी मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्याच्या बायकोने मला शेवेची भाजी वाढली.)

संध्याकाळची वाट न बघता आम्ही तिघांनी मिळून ती रोपं पुन्हा लावली. सहा आबांनी आणि नानांनी लावली, एक मी. माझं लावून झाल्यावर आबांनी ते परत उकरलं आणि पुन्हा नीट लावलं.

यंत्राला मी पहिल्यापासून शिकवलं. या वेळी चांगल्या पानांच्या फोटोतही आबांचा हात हवा होता. आबा पान तोडणार नाहीत, म्हणून ते झाडावरचं पान वाकवून तळहातावर घ्यायचे आणि फोटो झाला की हळूच सोडून द्यायचे. महिनाभर हेच. आता ते यंत्र शंभरातली ब्याऐंशी पानं बरोबर सांगतं. सर म्हणाले, "मॅडम, आकडा पडला की!" आबा म्हणाले, "आते मानूसमा उनं." आबांच्या मोबाइलमध्ये मात्र ते अजून जुनंच आहे. नवं टाकू देत नाहीत. आल्यागेल्याला आपला हात दाखवून "हरण्या" म्हणवून घेतात आणि कौतुकाने हसतात.

आता एक गोष्ट राहिली आहे, ती मी आबांना अजून सांगितलेली नाही. माझ्या यंत्राच्या शब्दावर एक झाड खरोखर मेलं. धुळ्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत, रंगाच्या जुन्या बादलीत माझी एक कर्दळ होती. आबांनीच शेतातून कंद आणून लावून दिलेली. यंत्र तयार झालं त्या दिवशी पहिलं निदान करायला हाताशी केळ नव्हती. कर्दळ केळीची लांबची नातलग, म्हणून मी तिचं पान तोडलं, हातात धरलं आणि फोटो काढला. हरण्या, पंचाण्णव टक्के! मी तिथल्या तिथे कर्दळ मुळासकट उपटली, दोन पिशव्यांत बांधून शास्त्रीय पद्धतीने कचरागाडीत टाकली, बादली धुतली, हात धुतले. गावातल्या तेवीस शेतकऱ्यांपैकी एकानेही जे केलं नाही, ते पीएच.डी. करणाऱ्या बाईने पाच मिनिटांत केलं.

दिवाळीनंतर आबांचा फोन आला.

"गॅलरीमान्ही कर्दय कशी शे?"

"छान आहे, आबा."

"फोटो धाड बरं."

मी तशीच उठून रोपवाटिकेत गेले. अगदी तशीच, तितक्याच उंचीची कर्दळ बघून आणली, त्याच बादलीत लावली, बादलीची पुढची बाजू पुढे केली, एक पान तळहातावर घेऊन फोटो काढला आणि पाठवला.

मिनिटाच्या आत आबांचा आवाज आला.

"हाई आपली नही शे. पन निरोगी शे. पानी जरा कमी घाल."

टक्के त्यांनी सांगितले नाहीत. मी मुकाट्याने पाणी कमी केलं.